नारू कसा गेला

चाळिशीच्या आतल्या डॉक्टरनं नारू पाहिलेला नसतो. एमबीबीएसला असताना परीक्षेपुरता पाठ केलेला असतो, पण नारूचा रोगी दवाखान्यात समोर येऊन बसलाय, असं त्याच्या आयुष्यात घडलेलं नसतं. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना मात्र नारू समजावून सांगावा लागत नाही. घरातल्या कुणाचा तरी पाय सुजलेला, त्यातून पांढरा दोरा लोंबतोय, दोऱ्याला काडी गुंडाळून वर फडकं बांधलेलं, पाऊस तोंडावर आलेला आणि तिफण अजून कोपऱ्यातच, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

भारतातला नारूचा शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. पुढे रीतसर तपासणी होऊन फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. देवी गेली ती लशीमुळे, पोलिओ हटला तोही लशीमुळे. नारूवर लस नव्हती, जंत मारणारं औषध नव्हतं, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही अशी प्रतिकारशक्तीही शरीरात तयार होत नसे. यातली एकही गोष्ट आजही हाती आलेली नाही. तरी रोग गेला, कारण हजारो गावांनी पाणी भरायची आणि प्यायची आपली रीत बदलली. ती बदलायला एवढा काळ का लागावा, हे नीट समजून घेण्याजोगं आहे.

नारूची मादी दोन ते तीन फूट लांब आणि शेवईइतकी बारीक असते. एवढा मोठा जीव माणसाच्या कातडीखाली वाढतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. सुरुवात होते ती पाण्यातल्या सायक्लॉप्सपासून. हा जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा जलचर. विहिरीचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हाकडे धरलं, तर पांढरट ठिपके झटके देत उड्या मारताना दिसतात, तोच हा. एरवी तो निरुपद्रवी. पण नारूच्या पिल्लांना त्यानं गिळलं, की ती त्याच्या पोटात दहा-पंधरा दिवसांत कात टाकून माणसाला बाधण्याजोगी होतात. असं पाणी कुणी प्यालं, की जठरातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, पण पिल्लं जगतात. ती आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. काही आठवड्यांनी नर-मादीचा संग होतो, नर मरून जातो आणि मादी वाढत वाढत खाली सरकू लागते. बहुतेक वेळा ती गुडघ्याच्या खाली, पोटरीत नाहीतर पावलात येऊन थांबते. या सगळ्याला साधारण एक वर्ष लागतं.

वर्षभरानं कातडीवर फोड येतो आणि असह्य आग होते. आग शमवायला माणूस काय करणार? पाय पाण्यात घालणार. पाण्याचा स्पर्श झाला की फोड फुटतो आणि मादी आपली लाखो पिल्लं त्या पाण्यात सोडते. पुढचे काही आठवडे पाय पाण्यात गेला, की दर वेळी हेच होत राहतं. पिल्लांना सायक्लॉप्सनं गिळायचं, ते पाणी शेजाऱ्यानं प्यायचं आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या पायाला फोड यायचा. रोग्यानं आपल्या वेदनेवर शोधलेला उपायच जंताला हवा असतो. परजीवींच्या दुनियेत चतुर युक्त्यांची कमी नाही, पण इतकी निर्दय युक्ती क्वचितच सापडेल.

उपचार म्हणजे काडी. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर, दोन बोटं असं हलक्या हातानं ओढत राहायचं. पूर्ण जंत निघायला कधी पंधरवडा, कधी महिना, कधी त्याहून जास्त. घाई केली आणि जंत आतच तुटला, की पाय सुजून भोपळा होतो, पू धरतो, कधी सांधा कायमचा आखडतो. जखमेतून धनुर्वाताची भीती वेगळीच. इसवी सनापूर्वी पंधराशेच्या आसपास इजिप्तमध्ये लिहिलेल्या वैद्यकाच्या पपायरसमध्ये जंत काडीला गुंडाळण्याचा जो उपाय सांगितला आहे असं मानतात, तोच गेल्या शतकात आपल्याकडचे वैदू करत होते. त्यात सुधारणा झाली ती फक्त स्वच्छ पट्टी आणि मलमाची.

रोगाचं कोडं सुटलं ते बरंच आधी. १८७० च्या सुमारास अलेक्सी फेदचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञानं समरकंदच्या भागात काम करताना पाहिलं, की नारूची पिल्लं सायक्लॉप्सच्या शरीरात शिरतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट लायपर यांनी जठरातलं आम्ल सायक्लॉप्सला मारतं आणि पिल्लांना मोकळं करतं, हे दाखवून दिलं. साखळीतला शेवटचा दुवा मुंबईत जुळला. परळच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे ज्या संस्थेला आपण आज हाफकिन म्हणून ओळखतो तिथे, डॉ. डी. ए. तर्खड यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नारूवर काम केलं. स्वखुशीनं तयार झालेल्या माणसांना बाधित सायक्लॉप्स पाजून त्यांनी रोग पाण्यातूनच येतो हे ताडून पाहिलं. आपल्या लोकांना हे नाव फारसं माहीत नाही, ते माहीत असायला हवं.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सगळं कळलेलं होतं. पाणी गाळून प्या, रोग्याला पाण्यात उतरू देऊ नका, नारू संपेल. उपाय एका ओळीत मावणारा, खर्च फडक्याचा. आणि तरी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात राष्ट्रीय मोहीम उभी राहिली, तेव्हा महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडू या सात राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रोगी आणि बारा हजारांहून जास्त बाधित गावं होती.

अडलं कुठं होतं? सोपं उत्तर असं, की लोक अडाणी होते. माझ्या मते हे उत्तर आळशी माणसाचं आहे. गावकऱ्याच्या जागी बसून पाहिलं, तर आरोग्य कर्मचारी जे सांगतो त्यावर विश्वास ठेवायला त्याच्याकडे काही आधारच नव्हता. जुलाब लागले, तर काल काय खाल्लं ते आठवतं. विंचू चावला, तर विंचू दिसतो. नारूत कारण आणि परिणाम यांच्यात वर्ष जातं. वैशाखात फोड आला, तो गेल्या वैशाखात प्यालेल्या पाण्याचा. मधल्या काळात माणूस ऊसतोडीला जाऊन येतो, मुलीला सासरी पोचवून येतो, दहा गावचं पाणी पितो. शिवाय एकाच बारवेचं पाणी प्यालेल्या चौघांपैकी एकालाच नारू निघतो. अशा वेळी अनुभवावरून पाण्याला दोष द्यायचा कसा? मग रक्त बिघडलं, शीर बाहेर आली, साती आसरांचा कोप झाला, ही स्पष्टीकरणं जास्त पटण्यासारखी वाटतात. आसरा या देवता तर पाण्यातच राहतात, म्हणजे पाण्याचा संबंध लोकांनी आपल्या परीनं जोडलेला होताच.

याहून मोठा घोळ पुढे होता. समजा, गावानं ऐकलं. या चैत्रापासून घराघरात पाणी गाळून पिऊ लागले. तरी या वर्षी नारू निघणारच, कारण तो गेल्या वर्षीच पोटात गेलेला आहे. लोक म्हणणार, गाळून प्यालो तरी निघालाच की! एवढ्यावर मोहीम त्या गावात बसली असती. म्हणून जाणत्या कार्यकर्त्यांना पहिल्याच बैठकीत सांगावं लागे, की यंदा निघणारे नारू निघतीलच, ते कुणी थांबवू शकत नाही. आपण काम करतोय ते पुढच्या वर्षासाठी. आजची मेहनत आज फळ देणार नाही, हे आधीच कबूल करून काम मागायचं, ही आरोग्यशिक्षणातली सगळ्यात कठीण गोष्ट. ती जिथे कबूल केली गेली नाही, तिथे दुसऱ्या वर्षी कुणी ऐकून घेतलं नसेल, तर त्यात गावाचा दोष कमीच.

या कामात ग्लास आणि भिंगानं भाषणापेक्षा जास्त कामगिरी केली. गावच्याच विहिरीचं पाणी गावच्याच माणसांसमोर काचेच्या ग्लासात घ्यायचं, उजेडात धरायचं आणि भिंग हातात द्यायचं. ठिपके उड्या मारताना दिसले, की बायका आपसात बोलू लागत. मग तेच पाणी दुहेरी फडक्यातून गाळून दुसऱ्या ग्लासात ओतायचं. त्यात ठिपका नाही. फडकं उलटं करून तिसऱ्या ग्लासात झटकलं, की ठिपके पुन्हा हजर. वर्षभराचं अंतर असं पाच मिनिटांत दाखवता येत नाही, पण पाण्यात काहीतरी जिवंत आहे आणि ते फडक्यात अडकतं, एवढं तरी डोळ्यांना दिसतं.

गाळून पिण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हतीच. जैन घरांत तर तो धर्माचाच भाग. पण घागरीच्या तोंडाला फडकं बांधणं आणि नारू अडवणं यांत फरक आहे. फडकं विरलेलं असेल, तर सायक्लॉप्स आरपार जातो. आज एक बाजू वर, उद्या दुसरी, असं झालं, तर काल अडकलेले सगळे आज घागरीत उतरतात. म्हणून फडक्याच्या एका कोपऱ्याला गाठ मारा किंवा धाग्याची खूण करा, ही खुणेची बाजू कायम वर ठेवा, असं शिकवावं लागतं. आणि घरी कितीही गाळलं, तरी दुपारी शेतातून येताना तहान लागली की माणूस बारवेत उतरून ओंजळीनं पितोच. आफ्रिकेत पुढे यासाठी गळ्यात अडकवायची, टोकाला जाळी असलेली नळी वाटण्यात आली. वाकायचं आणि नळीनं ओढून प्यायचं.

जाता जाता साडीची एक गोष्ट सांगायला हवी. बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांत रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकीवर असाच प्रयोग केला. जुनेर साडीच्या चार किंवा जास्त घड्या करून त्यातून पाणी गाळायला बायकांना शिकवलं. २००३ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. पटकीचे जंतू कापडातून सहज पार होण्याइतके सूक्ष्म, पण ते सायक्लॉप्ससारख्या प्राण्यांना चिकटून राहतात, आणि चिकटलेले अडकतात. धुवून धुवून मऊ झालेल्या जुनेराचे धागे सुटून जाळी दाट होते, म्हणून कोऱ्यापेक्षा जुनेर बरं.

आता बारव. नारूच्या दृष्टीनं बारवेसारखी सोय दुसरी नाही. पायऱ्या उतरून माणूस थेट पाण्यापाशी जातो, घोटाभर पाण्यात उभा राहून कळशी बुडवतो. फोड फुटायला पाणी तिथे, पिल्लांना गिळायला सायक्लॉप्स तिथे, पुढचा माणूस प्यायला तिथेच. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, थोड्या पाण्यात सायक्लॉप्स दाटतात, आणि नारू निघण्याचा हंगामही नेमका उन्हाळ्यापासून पेरणीपर्यंतचा. पोहऱ्यानं शेंदायच्या आडाच्या काठावर उभ्या माणसाचा पाय पाण्याला लागतच नाही. म्हणून मोहिमेत हजारो बारवांच्या पायऱ्या बंद झाल्या, काठाला कठडा आला, कप्पी बसली, भोवती फरसबंद ओटा झाला.

कागदावर हे एक वाक्य. गावात ते सोपं कसं असेल? बारव म्हणजे पाणी भरण्याची जागा, तशीच बायकांनी दोन घटका बसण्याची, गुरांना पाजण्याची, लग्नाआधी देवळीतल्या देवाला दिवा लावण्याची. ती कुणा पूर्वजानं पुण्यकर्म म्हणून बांधलेली. तिच्या पायऱ्या बुजवायच्या म्हणजे गावाच्या पूर्वजाच्या हातावर हात मारायचा. आणि शेंदणं म्हणजे कष्ट. पायऱ्या उतरून कळशी भरणाऱ्या बाईला चाळीस हात दोर ओढायला सांगायचं आणि त्याला सुधारणा म्हणायचं! जिथे दोन बायका एकदम शेंदू शकतील अशी कप्पी आणि रुंद ओटा मिळाला, तिथे विरोध लवकर मावळला, हे सहज समजण्यासारखं आहे. पायऱ्या बंद करता येणार नाहीत अशा ठिकाणी टेमेफॉस नावाचं औषध अगदी थोड्या मात्रेत पाण्यात टाकत. त्या मात्रेत ते माणसाला बाधत नाही, पण सायक्लॉप्स मरतात. आज डेंग्यूच्या अळ्या मारायला आरोग्यसेवक अ‍ॅबेट म्हणून जे टाकतात, तेच हे.

बारवेचा आणखी एक हिशेब होता, जातीचा. पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. ज्यांना उतरायला बंदी, त्यांनी वर उभं राहून कुणी ओंजळीत ओतेल याची वाट पाहायची. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी जो प्रश्न उभा केला, तो प्रत्येक गावच्या पाण्याचा होता. ओतलेलं पाणी मात्र त्याच बारवेचं, त्यामुळे नारू दोघांनाही. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला १९७० मध्ये आलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्यानं हे गणित उलटं फिरवलं. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली, तेव्हा जागा दलितवस्तीत निघतील अशी तजवीज त्यांनी पाणी शोधणाऱ्यांना हाताशी धरून केली. स्वच्छ पाणी हवं तर गावाला त्या वस्तीत यावं लागे. हापशाच्या दांड्याला तहानलेल्या गावाचा हात लागला, की सोवळं फार दिवस टिकत नाही. याच प्रकल्पात गावच्या, बहुतेक निरक्षर, त्यातल्या कितीतरी दलित बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण डॉक्टरच्या डोक्यातलं ज्ञान गावातल्या बाईच्या हातात गेलं, हे मला त्याहून मोठं वाटतं.

हापशाचं निघालंच आहे, तर तेही सांगितलं पाहिजे. नारूला बाहेर काढण्यात ज्या यंत्राचा वाटा सगळ्यात मोठा, त्याचं मूळ महाराष्ट्रात आहे. साठच्या दशकाअखेर बोअर झाले, पण त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी केलेले. सबंध गाव दिवसभर हापसू लागल्यावर ते मोडून पडत. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनमधल्या कारागिरांनी जाड पोलादाचे, सहज न मोडणारे पंप बनवले. सोलापूरच्या पंपाच्या धर्तीवर पुढे युनिसेफच्या मदतीनं १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क दोन हा हापसा तयार झाला आणि जगभर पसरला. आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत आज जो हापसा आहे, त्याच्या पूर्वजाचं गाव सोलापूर.

पण हापसा बसला म्हणजे बारव सुटली असं होत नाही. बोअरचं पाणी जड असलं, तर डाळ शिजत नाही, चहा काळपट होतो, साबणाला फेस येत नाही. मचूळ पाणी जिभेला नको होतं. मग पिण्याला आणि स्वयंपाकाला बारवेचं, बाकी वापराला हापशाचं, असा उलटा वापर सुरू होतो. आणि हापसा बिघडला, की तालुक्याचा मेकॅनिक येईपर्यंत गाव पुन्हा बारवेकडे. राजस्थानच्या बांसवाडा, डुंगरपूर, उदयपूर या आदिवासी जिल्ह्यांत युनिसेफ आणि स्वीडनच्या मदतीनं १९८० च्या दशकात चाललेल्या ‘स्वच्छ’ प्रकल्पानं यावर जे केलं, ते आजही आदर्श मानतात. त्यांनी गावातल्या बायकांनाच हापसा दुरुस्त करायला शिकवलं. पान्हे घेऊन, पाइप उपसून, वॉशर बदलणाऱ्या आदिवासी बाया. पुरुष मेकॅनिकला पाणी नसलं तर अडत नाही. तिला संध्याकाळी घागर भरायचीच असते, म्हणून हापसा जास्त दिवस बंद राहत नाही.

शेवटच्या टप्प्यातलं काम अगदी निराळं होतं. रोगी हजारांत होते, तोवर ते शोधावे लागत नव्हते. रोगी बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा ते सापडेनात. बाधित भागात वर्षातून तीन वेळा घरोघर शोध चाले. शाळेत, आठवडी बाजारात, जत्रेत चित्र दाखवून विचारत, असा दोरा कुणाच्या पायातून निघालेला पाहिलाय का? कळवणाऱ्याला बक्षीस जाहीर झालं. बातमी आली की माणूस जाऊन पाहायचा. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कुठल्या जखमेची किंवा दुसऱ्याच जंताची निघे. पण एकही अफवा न तपासता सोडायची नाही, असा दंडक होता. खरा रोगी सापडला, की पट्टी बांधायची आणि त्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. मग त्याचं पाणी कोण भरणार? शेजारी भरणार. इथे मोहीम पुन्हा गावावरच येऊन टेकत होती. नारू नसल्याचं सिद्ध करायला शेवटच्या रोग्यानंतर तीन वर्षं शोध चालू ठेवावा लागतो. नसलेल्या गोष्टीच्या मागे तीन वर्षं दारोदार फिरलेले कर्मचारी या कथेत कुठेच नावानं येत नाहीत.

गावावर विसंबण्याच्या उलट एक वाट मध्य आशियातल्या बुखाऱ्यात चोखाळली गेली होती. तिथले पिण्याच्या पाण्याचे जुने हौद म्हणजे नारूची आगरं. १९२० च्या दशकात लिओनिद इसायेव यांच्या देखरेखीखाली सोव्हिएत सरकारनं ते हौद उपसून बंद केले, नळानं पाणी आणलं, घरोघर तपासण्या केल्या आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रोग संपवला. दहाएक वर्षांत काम फत्ते. हुकूम चालतो तिथे हे होतं, आणि हौदही एकाच शहरात होते. बारा हजार गावांत ते होत नाही.

जगात १९८६ मध्ये नारूचे अंदाजे ३५ लाख रोगी होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेनं हा विषय लावून धरला, आणि २०२४ मध्ये माणसांतल्या रोग्यांची संख्या १५ वर आली. ती शून्यावर का येत नाही, याचं उत्तर चाडमधल्या कुत्र्यांत आहे. २०१२ पासून तिथे कुत्र्यांमध्ये नारू सापडू लागला, दर वर्षी शेकडो. मासेमारी करणाऱ्या गावांत फेकलेली माशांची आतडी आणि बेडूक खाऊन कुत्र्यांना तो होत असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. आता तिथले गावकरी माशाची घाण पुरतात, संशयित कुत्रा बांधून ठेवतात, त्याबद्दल बक्षीसही मिळतं.

आपल्याकडच्या आजच्या गावाला नारूची भीती नाही, पण त्या वर्षभराच्या अंतराचं गणित सुटलेलं नाही. डेंग्यूत अंतर काही आठवड्यांचंच. अळीचा डास होतो, चावतो, ताप येतो. म्हणून आशाताई आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात, रांजण पालथे घालतात, ग्लासात अळ्या दाखवतात, विहिरीत गप्पी मासे सोडतात. लोक ऐकतात, कारण अळी दिसते आणि ताप शेजारच्याच घरात आलेला असतो. आता तंबाखूची मिश्री घ्या. दात घासता घासता लागलेलं व्यसन, तोंडाचा कॅन्सर वीस वर्षांनी. रक्तदाब घ्या. दहा वर्षं काहीच दुखत नाही, मग एके दिवशी अर्धांगवायू. इथे ग्लासात दाखवायला काही नाही. उपकेंद्रात महिन्याला दाब मोजून आकडा वहीत लिहून ठेवणं, हेच एक त्यातल्या त्यात भिंगासारखं साधन आहे. आकडा चढताना दिसला, तर माणूस गोळी चुकवायला बिचकतो. पण ही वही बहुतेक गावांत रोग्याकडे नसते, कर्मचाऱ्याकडे असते, आणि तिचा वापर गावच्या माहितीपेक्षा तालुक्याच्या अहवालासाठी जास्त होतो. नारूची मोहीम या रीतीनं चालली असती, तर नारू १९९६ मध्ये संपला नसता.

अलीकडे महाराष्ट्रात बारवा पुन्हा साफ होऊ लागल्या आहेत. तरुण पोरं एकत्र येऊन गाळ उपसतात, झुडपं काढतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावतात. चांगलं काम आहे, दगडी बांधकामाचा असा वारसा दुसरीकडे सहज मिळणार नाही. या पायऱ्या पुन्हा मोकळ्या झाल्या म्हणून नारू परत येईल का, असं मला एकदोघांनी विचारलं. नाही येणार. पाण्यात सायक्लॉप्स आजही आहेत, पण त्यांना गिळायला पिल्लं नाहीत, कारण देशात नारूचा रोगीच नाही. बाकी कावीळ, विषमज्वर आणि पटकीला बारव जुनी की नवी याच्याशी काही देणंघेणं नाही. तिचं पाणी प्यायचं असेल, तर ते वरून शेंदावं आणि ग्रामपंचायतीनं टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून त्याची क्लोरिन चाचणी करावी.